वाणाचा साबण

वर्षाने घरात साबण करायला घेतला, तेव्हापासून मालतीबाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. सुरतेतल्या भेस्तानच्या त्या दोन खोल्यांत आधीच जागेची बोंब. त्यात सुनेने फळीवर तेलाचे डबे, कॉस्टिक सोड्याची बरणी आणि वजनकाटा मांडला होता. आजवर दोघी सासू-सुना पर्वत पाटियाहून येणाऱ्या साड्यांना खडे चिकटवत. काम बसल्या जागी होणारं, पण वर्षाच्या बोटांवर गोंदाची जणू दुसरी कातडीच आली होती. एका दुपारी मोबाइलवर साबणाचा व्हिडिओ बघताना तिने ठरवून टाकलं की आयुष्यभर दुसऱ्यांच्या साड्या चमकवायच्या नाहीत.

पहिल्या घाण्यात तिने लिंबाचं आणि संत्र्याचं अस्सल तेल घातलं. घर असं घमघमलं की शेजारीण सरबत मागायला आली. पण साबण महिनाभर वाळवावा लागतो, आणि त्या महिन्यात वासाने जो पोबारा केला, तो वडी नाकाला घासली तरी सापडेना.

"एवढं महागाचं तेल हवेत गेलं," मालतीबाई म्हणाल्या. "त्यापेक्षा आपले खडे बरे. चिकटवले का चिकटले."

तेवढ्यात नशीब उघडलं. गल्लीतल्या खानदेशी महिला मंडळाच्या प्रमिलाबाई आल्या आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून साबण हवेत म्हणाल्या. "दरसाली प्लास्टिकचे डबे वाटू राह्यलो आपण. बाया आता डबा पाहून तोंड वाकडं करतात. पण वासाचे कर बरं. बिनवासाचा साबण काय वाण म्हणून द्यायचा?"

प्रमिलाबाई गेल्या, आणि मालतीबाईंनी अट घातली. "वाण फुकटचं असतं. बाया नेतीलच. पण त्यातली एक जरी पुन्हा मागायला आली, तर तुझा साबण खरा. नाही आली, तर मुकाट्याने खड्यांना बसायचं. कबूल?"

"कबूल," वर्षा म्हणाली.

वर्षाचा नवरा लखन इच्छापोरला कंत्राटी कामावर होता. त्याने आई आणि बायकोच्या मध्ये कधी पडायचं नाही, एवढं एक धोरण लग्नापासून सांभाळलं होतं. तो ताटातली भाकरी फार लक्ष देऊन चावत राहिला.

दुसऱ्या दिवशी वर्षा सुगंधी तेलांच्या दुकानात गेली. भूपेंद्रभाईंनी तिच्यापुढे बाटल्यांची रांगच लावली. "बेन, अस्सल तेल उडी जाय. साबणात सेंट टिके. आ सूंघो."

वर्षाने गुलाब हुंगला, मोगरा हुंगला, केवडा हुंगला. मग जाई, जुई, खस, आणि 'राजवैभव' नावाचं काहीतरी. अर्ध्या रांगेतच तिच्या नाकाने संप पुकारला. गुलाब आणि खस तिला एकच वाटू लागले. शेवटच्या बाटलीशी मात्र ती थबकली. वास धड कळत नव्हता, पण आत कुठेतरी गार वाटलं.

"भूपेंद्रभाई, हाच! याने मन कसं शांत होतं."

"चंदन-लोबान. अंगाला चालशे. पण डब्यामां राखजो, बेन. खुल्ला ठेवला तर आ पण उडून जाशे."

हे शेवटचं वाक्य वर्षाने ऐकलं आणि तिथेच सोडलं. हा वास घेतल्यावर आजवर आपलं मन नेमकं कुठे शांत होत आलंय, हा विचारही तिने केला नाही. दोन्ही गोष्टी पुढे अंगाशी आल्या.

घरी येऊन तिने हातमोजे चढवले, तेलं आणि कॉस्टिकचं पाणी एकत्र करून घोटायला घेतलं. मिश्रण कढीइतकं दाट झाल्यावर सेंट घातलं आणि हुंगलं. नाक अजून संपावरच होतं.

"आई, जरा बघा हो, वास येतो का?"

मालतीबाईंना चार दिवस पडसं होतं. त्यांनी पातेल्यापाशी नाक नेऊन जोरात ओढलं. "काहीच नाही. पाण्यासारखं लागू राह्यलं."

वर्षाने आणखी घातलं. "आता?"

"नाही वो माय."

बाटली रिकामी झाली. मग मालतीबाईंनीच फडताळातून दाढदुखीचं लवंगेचं तेल काढलं आणि सुनेने 'नको' म्हणायच्या आत चांगली धार सोडली. "घे. हे मेलं नाक बंद असलं तरी लागतं."

लवंगेच्या तेलाने साबण झपाट्याने आळतो, हे त्या व्हिडिओत होतं, पण पुढच्या भागात. वर्षाच्या डोळ्यांदेखत कढीचं पिठलं झालं, पिठल्याचा गोळा झाला आणि पळी पातेल्यात उभी राहिली. साच्यात ओतायचं म्हटलं तर ओतणार काय?

"बघत काय बसली? वाट्या आण!" मालतीबाई कडाडल्या. खानदेशी बाईसमोर काहीही घट्ट होऊ लागलं की तिचे हात आपोआप चालू लागतात. त्यांनी मोजे चढवले आणि गोळे तोडून तेल लावलेल्या वाट्यांत दाबून बसवायला सुरुवात केली. घरातल्या वाट्या संपल्या तेव्हा शेजारच्या मागून आणल्या. दुसऱ्या दिवशी पालथ्या घातल्या, तर देवळाच्या घुमटासारखे गोल, गुळगुळीत, चंदनी रंगाचे साबण टपाटप बाहेर पडले.

त्याआधी, घाण्याच्याच संध्याकाळी, लखन कामावरून आला तो चपला गल्लीतच काढून. दारात येऊन त्याने हात जोडले आणि विचारलं, "कोणाकडे पूजा आहे? आरती झाली का?"

वर्षाने नव्या घाण्यासाठी डबे हलवून पाहिले. पण तेल संपलं होतं, वेळही नव्हता.

महिनाभर वाळल्यावर हळदीकुंकवाला साबण वाटले गेले. बायका हुंगत आणि डोळे मिटत. "काय वास आहे वो!" म्हणून प्रत्येकीने वर्षाचा हात दाबला. वर्षाला आकाश ठेंगणं झालं. आता साबण झिजतील आणि बायका दारात रांग लावतील, याची तिला खात्री होती.

रथसप्तमी झाली, महाशिवरात्र झाली, कोणी आलं नाही. शेवटी न राहवून ती गल्लीतल्या रुक्मिणीमावशींकडे गेली.

"मावशी, साबण कसा वाटला?"

"ये, दाखवते ना!" मावशींनी तिला थेट देवघराशी नेलं. अन्नपूर्णेच्या शेजारी साबण विराजमान होता. डोक्यावर हळदकुंकू, पुढे झेंडूचं फूल.

"मावशी, अहो हा अंगाला लावायचा!"

"ह्याने? ह्याने मी टाचा घासू?" मावशींनी कानांना हात लावले. "पाप लागेल मला!"

मंडळातल्या पार्वतीने तो खानदेशच्या कानबाई देवीच्या पूजेच्या ताटात मांडला होता. तिच्या नवऱ्याने, योगराजने, शेजारणीला मिळालेला मागून घेऊन टेम्पोत गणपतीच्या बाजूला बसवला होता. घराघरातून वर्षाला कौतुक मिळालं, चहा मिळाला, एकीने तर तिला नमस्कार केला. पण अंगाला कोणीच लावला नव्हता. जो साबण भिजतच नाही तो संपणार कधी, आणि संपला नाही तर पुन्हा मागणार कोण?

घरी येऊन ती मुसमुसली. होळीच्या आधी पर्वत पाटियाहून साड्यांचं गाठोडं आलं आणि वर्षा ठरल्याप्रमाणे मुकाट्याने खड्यांना बसली. गोंद पुन्हा बोटांवर चढला.

होळी झाल्यावर एका सकाळी पूजा करता करता मालतीबाई थांबल्या. त्यांच्याही देवघरात साबणाचा एक घुमट होता, हे वर्षाला माहीत होतं, पण त्यावर दोघी कधी बोलल्या नव्हत्या. त्यांनी साबण उचलून हुंगला, पदराने पुसला, पुन्हा हुंगला.

"वर्षा, माझं नाक पुन्हा बंद झालं का गं? याला वासच येऊ नाही राह्यला."

"उडाला असेल, आई. उघडा ठेवला की उडतो."

"मग दुसरा दे."

वर्षाच्या हातातला खडा खाली पडला. "काय म्हणालात?"

"दुसरा दे म्हटलं. देवापुढे बिनवासाचा कसा ठेवू?"

"आई, पुन्हा मागायला आलेली पहिली बाई तुम्ही!"

मालतीबाईंचा चेहरा दूध उतू गेल्यासारखा झाला. "मी कुठे मागू राह्यली? देवासाठी म्हटलं मी..."

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत प्रमिलाबाई दारात हजर. मागे रुक्मिणीमावशी, पार्वती आणि आणखी तिघी-चौघी. सगळ्यांची एकच तक्रार. वास गेला, देवघर सुनं वाटतं, नवे साबण कधी करतेस?

वर्षाला हसावं की रडावं कळेना. तिने दोन्ही केलं. मालतीबाईंनी मात्र ताबा घेतला. "होतील, होतील. महिना लागतो वाळायला. आणि आधी घरातल्या देवाचा!" मग साड्यांचं गाठोडं पायाने भिंतीकडे सरकवत त्या सुनेला म्हणाल्या, "एवढ्या पुऱ्या कर. पुढच्या आणू नको म्हणून सांगते साडीवाल्याला."

बायका गेल्यावर त्यांनी जुन्या साबणावरचं कुंकू धुतलं आणि आंघोळीला निघालेल्या लखनच्या हातावर तो ठेवला. "वास गेला म्हणजे देवपण गेलं. ने आता मोरीत."

लखन बाहेर आला तो खुशीत. "वर्षा, हा बिनवासाचा साबण कुठला गं? फेस बघ, कातडी बघ कशी मऊ! असाच का नाही करत तू?"

"असाच होत नाही तो," मालतीबाई वाट्या मोजता मोजता म्हणाल्या. "आधी दोन महिने देवापाशी बसवावा लागतो."