सतरा आठे

आमच्या शेजारच्या भोये गुरुजींच्या न्हाणीघरातून पाढे ऐकू आले, की समजायचं, आत फिल्म धुणं चाललंय.

गुरुजी मूळचे साखरशेतचे. आश्रमशाळेत जन्मभर शिकवून निवृत्त झाले आणि जव्हारला आमच्या भिंतीला भिंत लावून राहिले. आता जवळच्या जामसर गावातल्या म्हाताऱ्यासुद्धा मोबाइलवर फोटो काढतात. गुरुजींचा मात्र अजून रोलचा कॅमेरा, फोटो काळे-पांढरे आणि रोल धुणं घरच्या घरी. दाराच्या फटीत गोधडी कोंबायची, अंधारात चाचपडत फिल्म डब्यात भरायची, माठात गार केलेलं औषध ओतायचं आणि डबा हलवत दोनपासून तीसपर्यंत पाढे म्हणायचे. तीस दाहे तीनशे झालं, की बरोबर दहा मिनिटं. "घड्याळ पुढं जातं, मागं जातं. पाढा जागचा हलत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

त्या दहा मिनिटांत काही झालं तरी पाढा मोडायचा नाही. एकदा गॅसवाला दारातून ओरडला, "गुरुजी, ओटीपी सांगा!"

आतून आलं, "बावीस पंचे एकशे दहा!"

"चार आकडे पायजेत, गुरुजी!"

"बावीस सक एकशे बत्तीस!"

गॅसवाला सिलिंडर घेऊन परत गेला. तो आठवडा गुरुजींच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, चुलीवर काढला आणि गुरुजींना रोज ऐकवलं.

काकू शाळेची पायरी कधी चढल्या नव्हत्या. पण न्हाणीबाहेर नाचणीच्या भाकऱ्या थापता थापता चाळीस वर्षांत त्यांना सगळे पाढे पाठ झाले. गुरुजी सतरा आठेला हटकून अडायचे. मग काकूंचा खणखणीत आवाज, "एकशे छत्तीस! पोरांना काय शिकवलंत, गुरुजी?"

गेल्या वर्षी काकू गेल्या आणि पाढे बंद झाले. कॅमेऱ्यात त्यांचे शेवटचे फोटो तसेच पडून होते. "बिघडला रोल, तर पुन्हा कुणाचे काढू?" गुरुजी म्हणायचे.

परवा रविवारी सकाळी हाक आली. "भाऊ, जरा बाहेर बसता का? कुणाला दार वाजवू देऊ नका."

मी काकूंच्या पाटावर बसलो. पाढे सुरू झाले. सतरा साती एकशे एकोणीस. सतरा आठे... आणि आत सामसूम. मी ओरडलो, "एकशे छत्तीस!"

आतला पाढा पुढे सरकला.

फिल्म झकास निघाली. गुरुजींनी ती दोरीवर चिमट्याने टांगली. उलट्या रंगात काकूंचे पांढरे केस काळेभोर झाले होते. "बघा, लग्नात अशीच होती," गुरुजी हसले.

मी जरा ऐटीत म्हटलं, "बरं झालं मी होतो. नाहीतर आजही अडला असतात."

गुरुजींनी फिल्मच्या खालच्या टोकाला दुसरा चिमटा लावला.

"मी कधीच अडलो नाही, भाऊ. सतरा आठे तिचं होतं."