काठी म्हणजे कॉपी!

परीक्षा कोणाचीही असो, तिची तयारी आपल्याइतकी चोख कोणी करून घेऊ शकत नाही, अशी गुरुजींची दृढ श्रद्धा होती. मुख्याध्यापकपदावरून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षे लोटली होती; पण गुरुजींनी शाळा सोडली, तरी शाळेने गुरुजींना सोडले नव्हते. घरात दोघे एकदम बोलू लागले, की ते अजून म्हणत, ‘‘आधी हात वर!’’

त्यामुळे त्यांच्या वृद्ध आत्याबाईंना शुश्रूषागृहात प्रवेश देण्यापूर्वी तिथली परिचारिका घरी येऊन मूल्यमापन करणार, हे कळताच त्यांच्या अंगी दहा हत्तींचे बळ संचारले.

‘‘आत्या, निर्धास्त राहा! पहिल्या श्रेणीच्या खाली आलीस, तर नाव सांगणार नाही!’’

शुश्रूषागृहात जावे, ही इच्छा खुद्द आत्याबाईंचीच. न्हाणीघरात त्या दोनदा पडल्या होत्या. तिकडे भिंतीभिंतीला धरायला दांडे होते, हाकेच्या अंतरावर माणसे होती आणि मुख्य म्हणजे त्यांची बालमैत्रीण होती. शेजारची खोली रिकामी झाल्याचा निरोप तिनेच धाडला होता. ती खोली हातची जाऊ नये, एवढाच आत्याबाईंच्या जिवाला घोर!

‘‘अहो,’’ गुरुजींच्या पत्नीने समजावले, ‘‘त्यांना काय येतं ते नाही, काय जमत नाही ते बघायला येतायत त्या. मदत किती लागेल, ते ठरवायला.’’

‘‘तू यात पडू नकोस! असले छप्पन्न तपासनीस मी कोळून प्यालोय.’’

‘‘सूनबाई म्हणते ते खरं असेल रे,’’ आत्याबाई चाचरल्या.

‘‘आणि नसेल तर? खोली गेली, तर मला बोल लावू नकोस!’’

या ब्रह्मास्त्रापुढे आत्याबाईंनी मान तुकवली. मग उजळणी सुरू झाली. गोळ्यांचे रंग विसरू नयेत म्हणून खुणा ठरल्या : पांढऱ्या गोळीसाठी गुरुजी मिशीला हात लावणार, पिवळीसाठी दातांना. ऐन परीक्षेच्या सकाळी आत्याबाईंनी विचारले, ‘‘माझी काठी कुठे रे?’’

‘‘परीक्षेत काठी? काठी म्हणजे कॉपी!’’ गुरुजी गर्जले. ती त्यांनी आधीच कुठेतरी दडवली होती.

परिचारिका आली, आत्याबाईंसमोर बसली. गुरुजी तिच्या पाठीमागे, खांबासारखे उभे राहिले.

‘‘आजी, गोळ्या कोणत्या घेता?’’

गुरुजींनी मिशी पिळली, दात विचकले. आत्याबाईंनी बिनचूक सांगितले.

‘‘अंघोळ?’’

‘‘माझी मीच!’’

‘‘जिना चढता?’’

‘‘चढते!’’

‘‘काही जड उचलता का?’’

हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा! पण गुरुजींना स्फुरण चढले होते. त्यांनी बादली उचलल्याचा आविर्भाव केला. मग उत्साहाच्या भरात दुसराही हात वर नेला.

‘‘दोन बादल्या!’’ आत्याबाई उत्तरल्या.

परिचारिकेचे पेन थबकले. ‘‘आजी, तुम्ही तर माझ्यापेक्षा ठणठणीत! मग तिकडे येऊन करणार काय? खोली खऱ्या गरजवंताला देऊ या.’’

हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते हेच! आत्याबाईंचा चेहरा पडला. पुढच्याच क्षणी त्या कडाडल्या, ‘‘मेल्या, घालवलीस ना माझी खोली! पोरी, सगळं खोटं आहे गं. यानं पढवलंय. मला धड उठताही येत नाही.’’ त्यांनी उठायचा यत्न केला. अर्ध्यावर थरथरल्या आणि पुन्हा खुर्चीत बसल्या.

‘‘मग घरी उठवतं कोण?’’ परिचारिकेचा आवाज मऊ झाला.

‘‘मी!’’ गुरुजींचा अभिमान उफाळून आला.

‘‘दाखवा बरं.’’

गुरुजींनी अस्तन्या सारल्या, आत्याबाईंच्या काखेत हात घातले आणि ‘एक, दोन’ म्हटले. ‘तीन’ऐवजी ‘आई गं!’ असा उद्गार निघाला. कंबरेत काहीतरी कट्‌कन वाजले आणि गुरुजी भूमितीतल्या काटकोनासारखे जागच्या जागी स्थिर झाले!

‘‘आत्या, हलू नकोस!’’

‘‘मी कुठे हलतेय? तूच माझ्या मांडीवर येतोयस!’’

अखेर परिचारिकेने आणि पत्नीने धरून त्यांना आत्याबाईंच्या खुर्चीशेजारच्या कॉटवर आडवे केले.

‘‘आजींची काठी कुठे आहे? सध्या तुम्हालाच लागेल.’’

गुरुजींनी छताकडे पाहिले. पुष्कळ पाहिले. ‘‘दडवली होती... पण कुठे, ते...’’

परिचारिकेने शांतपणे लिहिले आणि मोठ्याने वाचून दाखवले, ‘‘काठीशिवाय उठता येत नाही. घरी उचलणारं भरवशाचं माणूस नाही. प्रवेशास पात्र.’’

आत्याबाईंचे डोळे पाणावले. त्यांनी काटकोनाच्या मस्तकावरून हात फिरवला. ‘‘जन्मभर दुसऱ्यांना पास केलंस रे. पण मला पास करायला तुला स्वतःला नापास व्हावं लागलं!’’

पिशवी उचलता उचलता परिचारिका थट्टेने म्हणाली, ‘‘गुरुजी, पुढच्या खेपेला तुमचंही मूल्यमापन करून टाकायचं का?’’

कॉटवरून क्षीण, परंतु अत्यंत गंभीर स्वर आला, ‘‘चालेल. तयारीला वेळ किती मिळेल?’’