खांबाचा डाव आणि धनराजभाऊंची जीभ

"घुग्घुसवाल्या पोरींचा तो खांबाचा डाव ना, मी बसल्या जागेवरून मोडतो! पाहाजा तुमी!"

सावली गावच्या बसस्टँडसमोर विनोदच्या चहाटपरीवर धनराजभाऊंनी हे जाहीर केलं, तेव्हा बास्केटबॉल या खेळाशी त्यांची ओळख होऊन जेमतेम एक हंगाम झाला होता. पण त्यानं काय बिघडतं? पोरगी दिव्यानी कॉलेजच्या टीमची कॅप्टन! टीम पहिल्यांदाच फायनलला पोचलेली! मग बापाला अक्कल आपोआपच येते, शिकावी थोडीच लागते!

आता दिव्यानीकडून टपरीपर्यंत पोचलेला हा खांबाचा डाव म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. घुग्घुसची एक बुटकी पोरगी बॉल आपटत पुढे येते. आपली पोरगी तिला अडवायला जाते. तेवढ्यात त्यांची दुसरी, उंच पोरगी आपल्या पोरीच्या वाटेत येऊन खांबासारखी उभी राहते. हलत नाही, बोलत नाही! आपली पोरगी खांबाला धडकते, बॉलवाली सटकते. आणि आपण सगळे बॉलवालीकडे पाहत असताना खांबाला पाय फुटतात, तो गर्रकन वळून बास्केटखाली हजर! बॉल त्याच्या हातात, हातातून जाळीत, खेळ खल्लास!

यावर उपाय काय, याच्यावरून टपरीचे दोन तुकडे झाले होते. आपल्या दोघींनी आपापलीच पोरगी धरून ठेवायची, की खांब मधे आला की अदलाबदल करायची?

"आपली आपली!" विनोद चहा उकळता उकळता म्हणायचा. तो जुना कबड्डीवाला. "ज्याच्या धानाच्या बांधीतून डुक्कर निघालं, त्यानंच त्याले हाकलत न्यावं. पार जंगलापर्यंत! मधातच सोडलं त कोन पाहीन त्याले?"

"अन् शेजारच्या बांधीवाला का टुकूर टुकूर पाहत राहीन का?" धनराजभाऊ उसळायचे. "डुक्कर ज्याच्या बांधीत घुसलं, त्यानं हाकलावं! बदल करावा, बदल!"

बास्केटबॉल कुणाला कळत नव्हता, पण धानात घुसणारं रानडुक्कर सगळ्यांनाच कळत होतं. त्यामुळे बसची वाट पाहणारा प्रत्येक जण एकदम कोच झाला. बसगाड्या सुटून जायच्या, पण वाद काही सुटायचा नाही.

धनराजभाऊंची खरी कीर्ती मात्र वेगळीच होती. पावसाळ्यात ते शेतकरी, आणि दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीच्या नाटकात प्रॉम्प्टर. आज या गावात नाटक, उद्या त्या गावात. पाठांतराला सवड कुणाला आहे? नट रंगमंचावर उभा राहतो, आडोशातून धनराजभाऊ वाक्य सोडतात आणि नट ते झेलतो. ते ओरडत नाहीत हं! दबका आवाज, पण असा धारदार की शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला प्रत्येक वाक्य दोनदा ऐकायला मिळतं. नट अडखळून गप्प झाला आणि त्यानं आडोशाकडे पाहिलं की धनराजभाऊंना राहवत नाही. आजवर त्यांनी एकाही नटाला तसं ताटकळत ठेवलं नव्हतं. राजा असो की चोर, वाक्य वेळेवर मिळणार म्हणजे मिळणार!

आणि हीच खोड सेमीफायनलला नडली. दिव्यानी जरा थांबली की बाजूनं "पुढं! पुढं!", कुणी वळली की "मागं पाह्य!" शेवटी पंचांनी खेळ थांबवून विचारलं, "हा माणूस कोण आहे?"

"मी ओळखत नाई, सर," दिव्यानीनं सरळ सांगितलं.

धनराजभाऊंना ते लागलं, पण त्यांना वाटलं, पोरीनं डावपेच म्हणून सांगितलं असेल.

फायनलच्या आदल्या दिवशी वाद इतका तापला की प्रत्यक्ष करून दाखवायचं ठरलं. टपरीला लागून रुखमाबाईंचं भाजीचं दुकान. तिथलं एक गोल गरगरीत कोहळं बॉल म्हणून उचललं गेलं. रामाजी, वय झालेले पण हौशी, बॉलवाली झाले. टपरीवरचा एक ट्रक ड्रायव्हर खांब झाला.

"माह्यं कोहळं खाली नका ठेवजा बाप्पा!" रुखमाबाई ओरडल्या.

"बाई, बॉल आपटाच लागते!" रामाजी म्हणाले.

"आपटून त पाहा!"

रामाजी निघाले. विनोद त्यांच्या मागे, "आपली आपली!" धनराजभाऊ आडवे, "बदल! बदल!" खांबानं मात्र आपलं काम चोख केलं. तो हललाच नाही! विनोद त्याला धडकला, धनराजभाऊ विनोदला धडकले, आणि कोहळं रामाजींच्या हातून सुटून, हवेतून छान वळण घेत, थेट भट्टीवर उकळणाऱ्या दुधाच्या गंजात! गरम दूध उडालं, गंज कलंडला, भट्टी विझली, आणि रुखमाबाईंच्या तोंडून जे काही निघालं ते कोणत्याही नाटकात बसणारं नव्हतं.

नेमकी तेव्हाच बसमधून दिव्यानी उतरली. बरोबर टीममधली पुनम. समोर आपला बाप, मिशीवर साय, आणि दुधात भिजलेला हात वर करून ओरडतोय, "पाह्यलं? बदल नाई केला म्हनून झालं!"

दिव्यानीनं बापाला बाजूला घेतलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"बाबा, पोरी हसतेत मले. कोच काई सांगत राह्यते, तुमी काई सांगत राह्यता. कोचनं सांगतलं हाय, आपली आपली धरायची. उद्या येजा तुमी, नाई म्हनत नाई मी. पन तोंडातून एक शब्द जरी निघाला, त याच्यापुढं माह्या मॅचले यायचं नाई. कधीच नाई."

"एकबी शब्द नाई," धनराजभाऊ म्हणाले.

शब्द दिला खरा, पण पाळायचा कसा? जीभ म्हणजे काही बैल नव्हे की खुंट्याला बांधली! विचार करता करता त्यांना उपाय सापडला. खर्रा! सुपारी-तंबाखू घोटून केलेल्या या खर्र्याचा तोंडात तोबरा भरला की विदर्भातला कोणताही माणूस मुका होतो. बोलायचं झालं तर आभाळाकडे तोंड करून फक्त "ऊं ऊं" करता येतं. बस्स! धनराजभाऊंनी खिशात पुड्या कोंबल्या आणि सगळ्यांबरोबर जीपनं चंद्रपूर गाठलं.

मैदानावर घुग्घुसची टीम उतरली आणि धनराजभाऊंनी खांबाला ओळखलं. अरे, ही तर मोनाली! तिच्या मामाचं घर सावलीतच. हिवाळ्यात मामाकडे राहून धनराजभाऊंच्याच कंपनीच्या नाटकात नायिकेच्या मैत्रिणीचं काम करणारी. रंगमंचावर तिनं उच्चारलेला शब्द न् शब्द धनराजभाऊंनी तिच्या कानात घातलेला! तिनं लांबूनच हसून नमस्कार केला. धनराजभाऊंनी आभाळाकडे तोंड करून "ऊं!" म्हटलं.

मॅच काय रंगली म्हणता! दिव्यानी मोनालीला चिकटलेली, पुनम त्या बुटकीला. खांब येई, पुनम कशीबशी वाट काढून पुन्हा बुटकीच्या पुढ्यात. विनोदला तर आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

"पाह्यलं काजी धनराजभाऊ? आपली आपली! डुक्कर पार जंगलात!"

"ऊं ऊं!" धनराजभाऊ डोळे वटारून म्हणायचे. आतून नुसती वाफ कोंडली होती. पण शाबास त्यांची, पुडीमागून पुडी तोंडात गेली, शब्द एकही बाहेर आला नाही.

शेवटचं मिनिट लागलं. घुग्घुस एका गुणानं पुढे. दिव्यानीनं दोघींच्या मधून बॉल काढला, उडी घेतली आणि बॉल जाळीत! सावली एका गुणानं पुढे! सारी सावली उठून नाचायला लागली. रामाजींनी आनंदाच्या भरात धनराजभाऊंच्या पाठीत असा काही धपाटा घातला की तोंडातला सगळा खर्रा गपकन पोटात!

डोळ्यांपुढे काजवे चमकले. उचकी लागली. रुखमाबाईंनी पाण्याची बाटली तोंडाला लावली. पाणी प्यायले, चूळ भरून थुंकले, आणि लक्षात आलं की तोंड रिकामं आहे! खिसा चाचपला. पुड्या संपलेल्या! त्यांनी घाबरून विनोदपुढे हात पसरला आणि बोटांनी चोळून दाखवलं.

"देतो, देतो," विनोद खिसे उलटेपालटे करायला लागला.

इकडे काही सेकंदच उरले होते. बुटकी बॉल घेऊन आली. मोनाली खांब होऊन पुनमच्या वाटेत उभी राहिली. दिव्यानी ओरडली, "आपली आपली!" पुनमनं खांबाला वळसा घातला...

धनराजभाऊंनी दोन्ही हातांनी तोंड दाबलं. पण बोटांच्या फटीतून, वर्षानुवर्षांच्या सवयीनं, तो दबका धारदार आवाज सुटलाच.

"बदल!"

साऱ्या मैदानाला तो ऐकू गेला. पुनम कॅप्टनचं ऐकून आपल्या बुटकीच्या मागेच राहिली. आणि कॅप्टन? लहानपणापासून "दिव्यानी, दार लाव!", "दिव्यानी, बकरी पाह्य!" या आवाजावर उठलेली पोरगी ती! तिच्या डोक्यानं काही ठरवायच्या आत पाय निघाले. मोनालीला सोडून तीही बुटकीवर धावली. एका डुकरामागे दोघी जणी, आणि दुसरं डुक्कर मोकळं!

बुटकीनं दोघींच्या डोक्यावरून बॉल फेकला. बास्केटखाली मोनाली एकटीच. बॉल झेलला तिनं. आता फक्त टाकायचा!

पण मोनालीच्या कानातही तोच आवाज शिरला होता. तो आला की हातातलं काम थांबवायचं, मान आडोशाकडे वळवायची आणि पुढच्या वाक्याची वाट पाहायची, हे तिच्या अंगात मुरलेलं. ती बॉल घेऊन तशीच उभी राहिली. मान वळवली. आणि बावरलेल्या डोळ्यांनी सरळ धनराजभाऊंकडे पाहायला लागली!

घुग्घुसवाले बोंबलतायत, "अगं टाक! टाक!" पण तो सगळा गोंगाट. तिला प्रेक्षकांचं काय ऐकायचं? तिला प्रॉम्प्टर हवा!

दिव्यानी वळून जिवाच्या आकांतानं परत धावत होती. अजून दोन पावलं, आणि तिनं मोनालीला गाठलंच असतं. कप सावलीचा होता! धनराजभाऊंनी फक्त गप्प राहायचं होतं. बस्स, गप्प!

पण तुम्हीच सांगा, समोर नटी ताटकळत उभी, डोळ्यांत तीच ओळखीची विनवणी... धनराजभाऊंना राहवलं नाही.

"टाक," ते त्याच दबक्या, धारदार आवाजात म्हणाले.

मोनालीनं टाकला. बॉल जाळीत. शिट्टी झाली. घुग्घुस एका गुणानं जिंकलं!

विनोदला तेव्हा पुडी सापडली.

पुढचं काय सांगावं! धनराजभाऊ मान खाली घालून जीपकडे सटकत होते, तर मोनाली गळ्यात पदक घालून धावत आली आणि सगळ्यांच्या देखत पाया पडली.

"भाऊ, तुमी होते म्हनून निभावलं! मले त काई सुचूनच नाई राह्यलं होतं!"

"बरं, बरं," धनराजभाऊ पुटपुटले. मागे दिव्यानी उभी होती.

परतीच्या जीपमध्ये वाद पुन्हा पेटला. विनोद म्हणे, बदल केला म्हणून हरलो. रामाजी म्हणत, बदल अर्धाच झाला म्हणून हरलो. वाटेतलं मूल गाव येईपर्यंत दोघांचे घसे बसले. मग रुखमाबाई मागच्या सीटवरून बोलल्या.

"कायचा बदल अन् कायचं आपली आपली! मचानीवर बसलेल्या राखनदारानंच डुकराले 'खाय' म्हटलं, त धान राहीन का?"

धनराजभाऊ खिडकीबाहेर पाहत होते. दिव्यानी तर निघाल्यापासून एक शब्द बोलली नव्हती. घरी आल्यावर जेवलीही नाही. धनराजभाऊंना वाटलं, ओरडली असती, भांडली असती, तर बरं झालं असतं.

सकाळी ते अंगणात आले, तर पोरगी गोठ्याच्या भिंतीवर ठोकलेल्या सायकलच्या जुन्या रिंगपुढे बॉल घेऊन उभी.

"दिव्यानी, बाई, चुकलं माह्यं. याच्यापुढं नाई येत मी तुह्या मॅचले."

"तुमी शब्द मोडला, त्याचं एवढं नाई वाटलं, बाबा." तिनं बॉल जमिनीवर आपटला. "ते लोकाची पोरगी. तिनं नुसतं पाह्यलं, त तिले 'टाक' म्हटलं तुमी. मले कधी म्हटलं का? मले लहानपनापासून नुसतं 'मागं पाह्य', 'सांभाळ', 'बदल'! मले एकडाव तरी म्हटलं का, टाक म्हनून?"

साऱ्या झाडीपट्टीला वाक्यं पुरवणारा माणूस, पण घरच्या पोरीपुढे एकही सुचेना. ते गुपचूप टपरीवर गेले. इतका वेळ विचार करत बसले की चहा निवला. विनोदनंही त्या दिवशी बदलाचं नाव काढलं नाही.

परत आले तेव्हा दिव्यानी अजून तिथेच होती. घाम गळत होता, राग बराच उतरला होता. बापाला फाटकात पाहून ती थांबली. मग तिनं बॉल छातीशी धरला, मान वळवली आणि सरळ त्यांच्याकडे पाहायला लागली. हुबेहूब मोनालीसारखी!

"तेवढा एक शब्द म्हनाल, त पुढच्या मॅचले येजा," ती ओठ दाबून हसत म्हणाली. "म्हना!"

धनराजभाऊंचे डोळे भरून आले. छाती फुलली. साऱ्या गावाला ऐकू जाईल असा तो शब्द जिभेवर आला.

पण हाय रे दैवा! आता काही झालं तरी तोंड उघडायचं नाही, अशी शपथ घेऊन त्यांनी टपरीवरून निघतानाच अख्खी पुडी तोंडात रिकामी केली होती!

"ऊं!" आभाळाकडे तोंड करून धनराजभाऊ म्हणाले. "ऊं! ऊं!"