आत माणूस आहे!

"अहो बाई, तुमच्या इमारतीनं आज पुन्हा मला अंधारात बसवलं!"

पेशींवर संशोधन करणारी ती मुलगी, जिला सगळे पेशीताईच म्हणत, कमरेवर हात ठेवून आर्किटेक्टबाईंसमोर उभी होती. तक्रार खरी होती. जैवतंत्रज्ञानाच्या या नव्या संशोधन इमारतीत दिव्यांना बटणंच नव्हती. खोलीत हालचाल झाली की दिवा लागायचा, हालचाल थांबली की विझायचा. जाड मातीच्या विटांच्या भिंती, वारा खेळवणाऱ्या उंच खिडक्या, पावसाचं पाणी साठवणारी टाकी, या सगळ्यांपेक्षा बाईंना कौतुक होतं ते या दिव्यांचं. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेला माणूस हलणार कसा, एवढं मात्र त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

"मग अधूनमधून हात हलवायचा," बाई म्हणाल्या.

"हातात नळी असते हो! हात हलला की महिन्याचं काम सांडतं."

दिवे विझवण्याचं हे वेड बाईंच्या घरातलंच. त्यांचे बाबा घरभर दिवे विझवत फिरायचे. खोलीत कोणी नसलं की बटण बंद. कोणी असलं तरी बंद, कारण आत डोकावून बघायचे कष्ट कोण घेणार? लहानपणी बाई तोंडाला साबण लावून अंघोळ करत असायच्या आणि अचानक काळोख व्हायचा.

"बाबा, आत माणूस आहे!"

"मग आवाज करत जा!" बाहेरून शांत उत्तर यायचं.

म्हणून त्या घरात सगळे अंघोळ करताना गायचे. आईला गाणं येत नसे. ती पाढे म्हणायची, तेही खड्या आवाजात. गेल्या वर्षी बाबा गेले. ही इमारत त्यांना दाखवायची राहूनच गेली आणि आईचे पाढेही बंद पडले. इथले दिवे पहिल्यांदा आपोआप विझले, तेव्हा बाबाच मजल्यामजल्यावरून फिरताहेत असं बाईंना वाटलं होतं. डोळ्यांत पाणी आलं होतं चक्क.

पेशीताईच्या डोळ्यांत मात्र वेगळ्या कारणानं पाणी येत होतं. शेवटी तिनं आपला जुना एप्रन खिडकीत टांगला. वाऱ्यावर एप्रन हलत राहिला, दिवा जळत राहिला. झालं! हां हां म्हणता खोलीखोलीत एप्रन लटकले. माणसं घरी गेली तरी एप्रन डुलत असायचे आणि इमारत लग्नघरासारखी उजळलेली.

"बाई, ही इमारत जुन्या इमारतीपेक्षा जास्त वीज खाते," संचालक कडाडले. "उद्या परीक्षक येताहेत. पर्यावरणपूरक इमारतीचं प्रमाणपत्र मिळालं नाही, तर खिडक्या चिणून टाकतो आणि एसी बसवतो. स्पष्ट सांगून ठेवतो!"

खिडक्याच चिणल्या तर इमारतीत राहिलं काय? बाईंनी सगळे एप्रन स्वतः उतरवले आणि वीज वाचवायच्या घाईत दिवे विझण्याआधीचा वेळ अगदी कमीत कमी करून टाकला. जरा थांबलं की अंधार!

परीक्षक म्हणजे एक वयस्कर, गंभीर गृहस्थ. भिंतींवरून हात फिरवून ते "हं" म्हणाले. खिडकीपाशी उभे राहून पुन्हा "हं" म्हणाले. प्रयोगशाळेत शिरले तर काय, एक संशोधक मान डोलावतोय, दुसरा खांदे उडवतोय आणि पेशीताई सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून एक पाय मागे झाडतेय.

"हे काय चाललंय?"

"व्यायाम," संचालकांनी ठोकून दिलं. "आमच्याकडे तब्येतीला फार जपतात."

"हं. स्वच्छतागृह कुठे आहे?"

परीक्षक आत गेले. बाहेर बाई, संचालक आणि पेशीताई वाट बघत उभे राहिले. थोड्या वेळानं दाराखालची उजेडाची रेघ नाहीशी झाली. आत काहीतरी धाडकन पडलं.

"अहो, आत माणूस आहे!"

"मग आवाज करत जा!"

हे कोण बोललं, ते बाईंना आधी कळलंच नाही. संचालकांचा चेहरा पांढराफटक पडलेला पाहिल्यावर कळलं. पेशीताईनं हसू दाबायला एप्रनचं टोक तोंडात कोंबलं.

आणि मग आतून एक जाडाभरडा, बेसूर आवाज चक्क गाऊ लागला.

परीक्षक हात पुसत बाहेर आले, ते हसतच. "आमचे आजोबाही असेच दिवे विझवायचे आणि वर असंच म्हणायचे. मी गायला शिकलो तो त्यांच्यामुळे."

"माफ करा हो, माझे बाबा असं म्हणायचे, तेच तोंडून…"

"राहू द्या. भिंती उत्तम, खिडक्या उत्तम. त्यांना कोणी हात लावायचा नाही," परीक्षकांनी संचालकांकडे बघितलं. "दिव्यांना मात्र बटणं लावा. विजेचा मीटर मी पुन्हा येऊन बघेन आणि मग प्रमाणपत्र देईन. दिवा विझवणारं माणूस असावं, बाई. त्याला निदान ओरडून सांगता तरी येतं."

संध्याकाळी बाई घरी आल्या. चपला काढता काढता त्यांनी दिवाणखान्यातला दिवा विझवला. मग स्वयंपाकघरातला. पुढे बाथरूमचा दिवा जळत होता, तिथेही हात आपसूक गेला आणि आत काळोख झाला.

"अगं, आत माणूस आहे!" आईचा आवाज आला.

बाईंचा हात बटणावरच राहिला. "मग आवाज करत जा ना, आई."

आत तांब्या खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग आईनं घसा खाकरला.

"एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न…"

बाईंनी दिवा लावला, तरी पाढा थांबला नाही.