सातही मासे सुखरूप

पाणी उताराने जातं आणि तक्रार चढाने येते, हा निसर्गनियम आहे. अंबरनाथचं सांडपाणी नाल्यातून नदीत, नदीतून खाडीत आणि खाडीतून समुद्रात जातं. समुद्राकडून अद्याप लेखी तक्रार आलेली नाही.

मधल्या वाटेवर आमचं शुद्धीकरण केंद्र होतं. १९८५ साली मी तिथे केमिस्ट म्हणून लागलो (बी.एस्सी., दुसरा वर्ग, नाक पहिल्याच आठवड्यात निकामी). शुद्ध झालेलं पाणी काचेच्या टाकीत भरायचं, त्यात सात चिलापी सोडायच्या (खाऱ्या-गोड्या कुठल्याही पाण्यात जगणारा चिवट मासा), चार दिवस जगल्या तर पाणी पास, अशी शास्त्रीय पद्धत होती. पहिल्या खेपेचे मासे दुपारच्या चहापर्यंतही टिकले नाहीत. आमचे प्रमुख गुरुदत्तसाहेब यांनी तातडीने पाणी बदलण्याचा निर्णय घेतला (टाकीतलं, केंद्रातलं नव्हे). तेव्हापासून मी टाकीत प्यायच्या नळाचं पाणी भरू लागलो आणि रजिस्टरात 'सातही मासे सुखरूप' असं सुवाच्य अक्षरात लिहू लागलो. तीन वर्षं निकाल शंभर टक्के. एवढा माझ्या शाळेचाही कधी लागला नव्हता. केंद्रातलं, सांडपाण्यात हवा सोडून ते शुद्ध करणारं यंत्र मग बंदच ठेवलं. पास झालेल्याला शिकवणी कशाला?

अशात खाडीकाठच्या वेणूबाई आल्या. तीस वर्षं खाडीतली मासळी विकून घर चालवलेली बाई, हातात रिकामी टोपली.

"साहेब, खाडीन निवटी नाय, कोलंबी नाय. जाल्यान नुसता काला चिखल येतो. आमी खावाचा काय?"

मी शास्त्राचा माणूस. भावनेच्या आहारी न जाता त्यांना टाकी दाखवली. त्यांनी मासे बराच वेळ न्याहाळले.

"तुमच्या पान्यान जगतात ना? मंग आमच्या खाडीन सोडा. तेच पानी तं येतं."

तर्क बिनतोड होता. नाही म्हणावं तर रजिस्टर खोटं ठरत होतं. म्हणून मत्स्य-विमोचन समिती नेमली गेली. बादलीतले सात मासे जीपमधून खाडीवर गेले, नारळ फुटला, साहेबांनी वीस मिनिटं भाषण केलं. मासे पाच मिनिटांत उलटे तरंगू लागले.

वेणूबाईंनी ते एकेक उचलून काठावर ओळीने मांडले आणि मला म्हणाल्या, "आता लिवा."

मी लिहिलं. 'प्रवासाचा शीण व नव्या जागेची सवय नसल्याने मृत्यू. पाण्यात दोष नाही.' तक्रार निकाली निघाली. अक्षर याही वेळी सुवाच्य होतं.

त्या हिवाळ्यात वेणूबाई शहाड स्टेशनबाहेर पालक विकताना दिसल्या. मला पाहून त्यांनी एक जुडी पुढे केली.

"घ्या साहेब. नाल्याकाठची हाय, तुमच्याच पान्यावरची. पास झालेली."

मी जुडी खाली ठेवली. तीच जुडी माझ्या मागच्या गिऱ्हाइकाने उचलली. "ताजी आहे ना?" एवढंच विचारलं आणि पिशवीत टाकून निघून गेलं. चेहरा नीट आठवत नाही. तुम्ही त्या काळी भाजी कुठून घेत होतात?