बिनआवाजाचा अहवाल

बोरथळ येथील श्री बोरजाई सहकारी दूध संस्थेचा ट्रक पहाटे चालू करताना खडखडतो, ही बाब संस्थेच्या निदर्शनास येण्यापूर्वी गावाच्या कानावर आली होती. ट्रक रात्री संचालक कृष्णात यांच्या घरासमोरच्या पटांगणात उभा असे. पहाटे चालक गुंडूने किल्ली फिरवली की माळ्यावरून भांड्यांचं पोतं कोसळावं आणि कोसळतच राहावं, असा आवाज निघे. इंजिन तापलं की तो विरून जाई आणि मग दिवसभर ट्रक सज्जनासारखा चाले. कृष्णातच्या आई धोंडुबाई यांना दोन्ही कानांनी कमी ऐकू येई. दारात फटाके वाजले तरी त्या "कोण आलंय?" असं विचारत. पण ट्रक चालू झाला की त्याही अंथरुणात उठून बसत.

"किस्ना, कपाट पडलं काय रं?"

"न्हाय आई, ट्रक हाय."

गुंडू आणि कृष्णात एकाच तालमीच्या मातीत लोळलेले. त्यामुळे गुंडूने अर्जबिर्ज न करता सरळ सांगितलं, "किस्ना, हे दुखणं अंगावर काढायसारखं न्हाय. इंजिनच्या पोटात कायतरी ढिलं झालंय. उद्या घाटात बसलं तर समदी माझ्याच नावानं बोंब मारत्याल. आधीच सांगून ठेवतो."

"आरं, म्या हाय की," कृष्णात म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला. तेव्हा उपाध्यक्षपदाची निवड जाहीर झालेली नव्हती.

हा ट्रक अध्यक्ष विजयसिंह यांच्या मेहुण्यांच्या मध्यस्थीने, गुलाल उधळत गावात आला होता. त्यामुळे त्याच्यात दोष असणं नियमात बसत नव्हतं. तशात विरोधी गटाचे गणपतराव यांनी पारावर बसून त्याचं 'खडखड्या' असं बारसं केलं आणि विषयाला राजकीय वळण लागलं. सत्ताधारी गटाच्या घरांत आवाज ऐकू येईनासा झाला. विरोधी गटाला तो ट्रक बंद असतानाही ऐकू येऊ लागला. एका भिंतीच्या अल्याड-पल्याड राहणाऱ्या दोन भावांपैकी थोरल्याची झोप रोज पहाटे मोडे आणि धाकटा सूर्य कासराभर वर येईपर्यंत घोरत पडे.

विजयसिंह स्वतः कोल्हापुरात ताराबाई पार्कात राहत. त्यांच्या घरी दूध पिशवीतून येई, कारण म्हशीच्या वासाने त्यांना शिंका येत. त्यांनी कृष्णातला बंगल्यावर बोलावून घेतलं.

"कृष्णातराव, ह्यो आवाजाचा विषय मिटवून टाका. उपसमिती नेमतोय, तिचं प्रमुख तुम्ही. महिनाअखेरीला उपाध्यक्ष निवडायचाय. कामाचा माणूस पायजे मला."

'कृष्णातराव' असं त्याला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. बायकोनेही नाही. घरी पोहोचेपर्यंत ते त्याच्या कानात घुमत राहिलं आणि दुसरं काही ऐकायला तिथे जागा उरली नाही.

आवाज पडताळणी उपसमितीची पहिली तपासणी सकाळी अकरा वाजता ठेवण्यात आली, कारण अध्यक्षांची मिसळ त्याआधी होत नसे. तोवर ट्रक शीतकरण केंद्रावर दूध पोहोचवून परतही आला होता. गुंडूने किल्ली फिरवली. इंजिन लोण्यासारखं सुरू झालं.

"कुठाय आवाज?" विजयसिंहांनी विचारलं.

"आबा, थंड असताना वाजतंय. पहाटं या एकडाव," गुंडू म्हणाला.

"पहाटं कशाला? आत्ता थंड करा की! संस्था एवढं दूध थंड करती, एक इंजिन थंड कराय काय झालं?"

तर्क बिनतोड होता. केंद्रावरून बर्फाच्या लाद्या आणून इंजिनावर रचण्यात आल्या आणि वरून ओली पोती पांघरण्यात आली. समितीने भडंग आणि चहा घेत वाट पाहिली. लाद्या वितळल्या, पाणी वायरिंगमध्ये शिरलं, आणि पुन्हा किल्ली फिरवली तेव्हा ट्रकने साधा हुंकारही दिला नाही. समितीने लगेच इतिवृत्तात नोंद केली: 'गरम स्थितीत ट्रक सुरळीत. थंड स्थितीत ट्रक संपूर्ण निःशब्द. आवाज कोणत्याही स्थितीत आढळून आला नाही.' गुंडूला वायरिंग वाळवता वाळवता संध्याकाळ झाली.

गणपतराव म्हणाले, तज्ज्ञाशिवाय अहवाल आम्ही मानत न्हाय. म्हणून शिरोलीचे पार्श्वनाथ मिस्त्री बोलावण्यात आले. हे गृहस्थ कोणतीही परंपरा न पाळता खरोखरच पहाटे आले. त्यांनी स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ आपल्या कानाला लावली, आणि गुंडूला इशारा केला. भांड्यांचं पोतं कोसळलं. आतून धोंडुबाईंनी कपाटाची चौकशी केली.

"बेअरिंग गेल्यात," पार्श्वनाथ म्हणाले. "रातभर ऑइल खाली उतरतंय. सकाळी वर चढोस्तवर लोखंडावर लोखंड घासतंय. आत्ता बदललं तर किरकोळ काम हाय. न्हाईतर एक दिवस जाम हुतंय." मग त्यांनी फडक्याला हात पुसले. "बरं, अहवाल कसला पायजे? आवाजाचा का बिनआवाजाचा?"

"दोन्ही असत्यात?" कृष्णातने विचारलं.

"मागं एका कारखान्याला दोन्ही दिलतं. एक सभेसाठी, एक विम्यासाठी. शिक्का दोन्हीवर त्योच."

कृष्णातने गुंडूकडे पाहिलं. गुंडू काच पुसत होता आणि आता सगळं मार्गी लागलं म्हणून गालात हसत होता. कृष्णातला लाज वाटली, खरोखर वाटली. मग त्याला 'कृष्णातराव' आठवलं आणि लाज जरा सरकून बसली.

"बिनआवाजाचा द्या," तो हळूच म्हणाला.

राहता राहिले गणपतराव. त्यांच्यासाठी अहवालात एक शिफारस घालण्यात आली. दूध उत्पादकांच्या सांस्कृतिक उन्नतीसाठी ट्रकमध्ये मोठी साउंड सिस्टीम बसवावी, किल्ली फिरताच तिच्यावर भक्तिगीतं लागावीत, आणि हे काम गणपतरावांचा पुतण्या सम्राट याच्या दुकानाला द्यावं. वार्षिक सभेत विषय वाचून व्हायच्या आत 'मंजूर! मंजूर!' झालं. विरोधी गटाने सवयीने 'नामंजूर' म्हणायला तोंडं उघडली होती. गणपतरावांनी मागे वळून नुसतं पाहिलं आणि तीही मंजूर झाली.

दुसऱ्या दिवशीपासून बोरथळची पहाट भक्तिमय झाली. थोरल्या भावालाही गाढ झोप लागू लागली.

"किस्ना, गाणी ब्येस हायती," धोंडुबाई म्हणाल्या. "पर टाळ लई आडदांडावानी कुटत्यात."

कृष्णात उपाध्यक्ष झाला. फेटा बांधून त्याची जीपमधून मिरवणूक निघाली. जीपपुढे ट्रक होता आणि ट्रक गुंडूच चालवत होता. चांगलं ऊन तापलेलं असल्यामुळे ट्रक अगदी शहाण्यासारखा चालला.

पुढे थंडी पडली. एके पहाटे घाटाच्या चढाला इंजिन जाम झालं. भरलेला ट्रक मागे सरकत येऊन आंब्याच्या झाडाला टेकला. गावाचं सगळं दूध ओढ्याला मिळालं, गुंडूचा हात मोडला, आणि लोक धावत पोहोचले तेव्हा साउंड सिस्टीम उत्तम चालू होती. त्याच दिवशी चौकशी समिती नेमली गेली. प्रमुख अर्थातच उपाध्यक्ष. प्राथमिक निष्कर्षही त्याच दिवशी निघाला: ट्रक निर्दोष असल्याचा तज्ज्ञांचा अहवाल उपलब्ध असल्याने अपघातास चालकाचा निष्काळजीपणा जबाबदार.

गुंडू गळ्यात हात बांधून कृष्णातच्या दारात आला.

"किस्ना, तू ऐकलायस आवाज. रोज ऐकलायस. म्या हाय म्हणालतास."

"हायच की गुंडू. पर आता म्या चौकशीचा प्रमुख हाय. प्रमुखाला साक्षीदार हुता येत न्हाय. नियम हाय."

"म्या ऐकलाय की!" धोंडुबाई आतून ओरडल्या. त्या दिवशी त्यांना सगळं कसं नीट ऐकू गेलं, देव जाणे. "माझी साक्ष लिव्ह!"

"आई, तू सभासद न्हाईस."

"चार म्हशींच्या धारा कोण काढतंय मग?"

"धारा तू काढतीस. सभासद म्या हाय."

गुंडू उंबऱ्यावरूनच माघारी वळला. कृष्णात त्या रात्री जेवला नाही. सकाळी मात्र त्याने संस्थेच्या फलकावर नोटीस लावली, कारण समिती निःपक्षपाती होती: 'सदर ट्रकचा आवाज कोणी ऐकला असल्यास सोमवारपर्यंत लेखी कळवावे. अन्यथा तो कोणीही ऐकला नाही असे गृहीत धरून चालक गुंडू यांना कामावरून कमी करण्यात येईल.'

सगळ्या गावाने नोटीस वाचली, म्हशीच्या कर्जाचा आपला अर्ज संस्थेत पडून असल्याचं ज्याला त्याला आठवलं, आणि प्रत्येकाने शेजारच्याकडे पाहिलं. सोमवार आला आणि गेला. समितीने उदार मनाने मुदत वाढवली आणि अर्ज गावाबाहेरच्यांसाठीही खुला केला, कारण हा आवाज काही परक्या मंडळींनीही पहिल्या परिच्छेदापासून ऐकला असल्याची माहिती तिच्याकडे आहे. त्या मंडळींना संस्थेकडून कर्ज नको आहे, उपाध्यक्षपद तर नकोच. तरीही त्यांच्यापैकी कोणाचाही अर्ज अद्याप आलेला नाही. ती मधूनमधून हसल्याचं तेवढं समितीच्या कानावर आलं आहे.