लाल गाडीचे दोन जोड

"टायर? टायरचं तुम्ही माझ्यावर सोडा, बाबा!"

जावईबापू भर जेवणात हे म्हणाले तेव्हा त्यांच्या तोंडात घास होता आणि डोक्यात काहीही नव्हतं. पण समोर सासरे बसले होते, आणि सासऱ्यांसमोर आपल्याला एखादी गोष्ट येत नाही असं म्हणायची त्यांना सवयच नव्हती. घड्याळ दुरुस्त करतो म्हणून त्यांनी याच घरातलं भिंतीवरचं घड्याळ एकदा खोललं होतं. ते अजून एका डब्यात आहे.

सासऱ्यांचं आयुष्य बुटांच्या दुकानात गेलं. गिऱ्हाईक दारातून आत आलं की ते आधी पायांकडे बघत आणि मग, वेळ मिळालाच तर, तोंडाकडे. झिजलेला सोल हातात घेतला की माणूस घाईचा आहे की आळशी, हे ते बसल्या जागी सांगत. दुकान विकलं, घरी बसले, आणि एक दिवस कुणालाही न विचारता ते लाल गाडी घेऊन आले! बुटकी, दोन दारांची, सुरू केली की शेजाऱ्यांची कपबशी हलवणारी. मागे सीट होती, पण ती फक्त नावाला. उतारवयात माणसं गुडघ्याला पट्टा घेतात, यांनी साडेतीनशे घोड्यांची ताकद घेतली.

आणि हे घोडे सासरे दर रविवारी वाचनालयापर्यंत चालवत नेत. अगदी पायी चालवत! सायकलवाले मागून घंटी वाजवून पुढे जात. "ही गाडी उभ्या उभ्या पेट्रोल पिते," एवढी एकच तक्रार ते करत. बाकी कुणी तिला हात लावायचा नाही. जावईबापूंनी लग्नानंतर दर वर्षी एकदा तरी विषय काढला होता आणि दर वर्षी सासऱ्यांनी खिशातल्या किल्लीवर हात ठेवला होता.

म्हणून त्या दिवशी सासरे जे म्हणाले, त्याने जावईबापूंचा घासच अडकला.

"टायर पार गोटा झालेत. तुम्ही नीट निवडून दिलेत, तर नव्या टायरांवरची पहिली चक्कर तुमची!"

वाढता वाढता सासूबाईंचा हात क्षणभर थांबला. पण जावईबापूंना तेव्हा डाळ दिसत नव्हती की हात. त्यांना फक्त लाल रंग दिसत होता.

घरी जाताना बायकोने विचारलं, "तुला टायरमधलं काय कळतं?"

"त्यात कळायचं काय आहे? गोल असतात, काळे असतात. माप बघायचं आणि घ्यायचे!"

आठवडाभर त्यांनी कचेरीत चौकशी केली. पाणीपट्टीच्या टेबलावरचा म्हणाला, रुंद टायर घ्या. त्याच्या शेजारचा म्हणाला, रुंद टायर पाण्यावर तरंगतात. साहेब म्हणाले, रबर मऊ हवं. शिपाई म्हणाला, मऊ रबर खोडरबरासारखं झिजतं. जावईबापूंनी सगळ्यांना "तेच तर मी म्हणतोय!" असं उत्तर दिलं आणि शुक्रवारपर्यंत त्यांना स्वतःच्या स्कूटरकडे बघूनही गरगरायला लागलं.

शनिवारी सकाळी ते सासरी पोचले तेव्हा सासरे दाराशी मांडी घालून बसले होते आणि सासूबाईंच्या बुटाला ठोकत होते. दुकान गेलं, हातोडी काही सुटली नव्हती.

"तुझी उजवीच टाच कशी झिजते गं दर वेळी? आणि तीही मागून?"

"तोल जातो माझा उजवीकडे," सासूबाई म्हणाल्या आणि बूट पायात घालून आत गेल्या.

जावईबापू बाहेर गाडीपाशी गेले. पुढच्या टायरवरचा आकडा वाचला. मागच्या टायरवरचा वाचला. मग चष्मा पुसला. पुन्हा पुढे गेले, पुन्हा मागे आले. शेवटी फरशीवर आडवे झाले आणि डोकं गाडीखाली घालून बघितलं. आकडे तेच! पुढचे टायर अरुंद, मागचे चांगले चार बोटं रुंद! त्यांनी गाडीला प्रदक्षिणा घातली, दुसऱ्या बाजूलाही तोच प्रकार. आता दोनच शक्यता होत्या. एकतर त्यांना काही कळत नव्हतं, नाहीतर कुणीतरी घोर फसवणूक केली होती. जावईबापूंनी दुसरी निवडली.

"बाबा! तुम्हाला फसवलं! पुढे एक माप, मागे दुसरं!"

सासरे उठून आले, वाकले, आणि लालबुंद झाले. गाडी कुठली आणि ते कुठले, ओळखू येईना.

"दोन मापं? एका पायात सात नंबर आणि दुसऱ्यात नऊ? अहो, आयुष्यात मी एका गिऱ्हाइकाला असा जोड दिला नाही! चला! आत्ताच्या आत्ता चला!"

"मीही येते," सासूबाई पिशवी घेऊन म्हणाल्या. "भाजी घ्यायचीच आहे."

भाजी हा सासूबाईंचा खास विषय. दुपारी सासरे कानात कापूस घालून झोपले की त्या कुठल्यातरी लांबच्या बाजारातून ताजी भाजी आणत. कोणाबरोबर जातात, कशा येतात, हे कधी कुणी विचारलं नव्हतं. भाजी चांगली असायची, विषय संपायचा.

जावईबापू मागच्या सीटवर घडी होऊन बसले, गुडघे कानांना लागले, आणि वरात निघाली.

टायरच्या दुकानात रबराचा वास भरून राहिला होता. भिंतीला टायरांच्या उतरंडी लागलेल्या. टायरवाला जाडजूड, बोलका, आणि प्रश्नाला प्रश्नानेच उत्तर देणारा.

"दोन मापांचे टायर कुणी विकले आम्हाला?" सासरे गरजले.

"दोन मापांचे नाही, तर किती मापांचे हवेत?"

"एका मापाचे! चारही!"

"चारही? या गाडीला? अहो साहेब, या गाडीला..."

"तुम्ही माप सोडा!" जावईबापू मध्ये पडले. पूर्ण वाक्य ऐकून घेणं त्यांना परवडणारं नव्हतं. "चांगले टायर दाखवा!"

मग टायरवाल्याने टायर दाखवायला सुरुवात केली. हा बघा, कोरड्या रस्त्याला घोरपडीसारखा चिकटतो, पण पावसात राम राम. हा ओल्यातही धरतो, पण जरा गुणगुणतो. हा अगदी गप्प, वर्षानुवर्षं टिकतो, पण साहेब, हाच लावायचा तर ही गाडी घेतलीत कशाला? जावईबापूंनी तिन्ही वेळा मान डोलावली आणि तिन्ही वेळा "हाच!" म्हणाले.

"ओल्या वळणावर धरेल ना हो दुसरा?" कोपऱ्यातल्या खुर्चीवरून सासूबाईंनी विचारलं. "आत्ताचा मागून जरा सुटतो."

"कितव्या गिअरला सुटतो?" टायरवाल्याने गंभीरपणे विचारलं.

"तिसऱ्या."

"आई, तुम्ही बसा हो!" जावईबापू वैतागले. त्यांच्या डोक्यात आधीच घोरपड, पाऊस आणि गुणगुण एकत्र कालवलं गेलं होतं. "हे सगळं तांत्रिक आहे!"

"बरं," सासूबाई म्हणाल्या आणि पिशवीच्या बंदाशी खेळत बसल्या.

"मला एवढंच सांगा," टायरवाला सासऱ्यांकडे वळला, "गाडी चालवता कशी?"

"बसून!"

"म्हणजे जोरात की..."

"वाचनालयापर्यंत आणि परत."

टायरवाल्याने एव्हाना जॅकवर उचललेल्या लाल गाडीकडे पाहिलं. मग त्याने तिचाच पुढचा जुना टायर काढून सासऱ्यांसमोर आडवा टाकला. "हे वाचनालयाला जाणारे टायर आहेत?"

आणि तिथे सगळं फिसकटलं! कारण समोर झिजलेला तळ आला, आणि सासरे आपसूक खाली बसले. चष्मा कपाळावर. अंगठा कडेवरून फिरला, मधून फिरला, पुन्हा कडेवर आला. मग त्यांनी मागचा टायर मागवला आणि त्यावरूनही तसाच अंगठा फिरवला.

"ही माझी चाल नाही," सासरे हळूच म्हणाले.

"म्हणजे?"

"हा गडी निघतानाच मागच्या पायावर जोर देतो. बघा, मागचा मधोमध खलास. आणि वळणावर न थांबता वळतो, पुढची बाहेरची कड घासलीय. हा मी नाही. माझी गाडी कुणीतरी पळवतंय!"

जावईबापूंना वाटलं, आता आपलं ज्ञान दाखवायची हीच वेळ. "बरोबर आहे बाबा! मीही मघाशी तेच म्हणणार होतो! कुणीतरी भरधाव नेतंय, रोज नेतंय, आणि तुमच्या नकळत नेतंय! चांगला माहितगार दिसतोय!"

सासऱ्यांनी सावकाश मान वर केली.

"दुसरी किल्ली फ्रिजवरच्या वाटीत असते," ते म्हणाले. "आणि आमच्या घरी येऊन-जाऊन असणारा, गाडीसाठी जीव टाकणारा माहितगार माणूस एकच आहे."

जावईबापूंनी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"बाबा! मी? मला तर... शप्पथ सांगतो, मला टायरमधलं ओ की ठो कळत नाही!"

"मग सकाळपासून काय चाललंय? बूट काढा!"

"काय?"

"बूट! उजवा! गाडी चालवणाऱ्याची उजवी टाच मागून घासते. पायाखालच्या चटईवर टेकून टेकून. काढा!"

भर दुकानात, टायरवाल्यासमोर, जावईबापू एका पायावर उभे राहिले. मोज्याला भोक होतं. पहिली चक्कर तर गेलीच, आता जावईपणही जातंय की काय, या भीतीने त्यांना घाम फुटला. सासऱ्यांनी बूट उजेडात धरला, दुसराही मागितला, आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवले.

"निर्दोष," त्यांनी निकाल दिला. "दोन्ही टाचा सारख्या गेल्यात. हा माणूस पाय ओढत चालतो. याच्याच्याने काही भरधाव व्हायचं नाही."

सुटका झाली म्हणून हसावं की रडावं, जावईबापूंना कळेना. टायरवाल्याने गुपचूप स्वतःच्या टाचा बघून घेतल्या.

आणि सासरे बोलता बोलता थांबले. उजवी टाच. मागून. सकाळीच तर ठोकली होती! त्यांनी कोपऱ्यातल्या खुर्चीकडे पाहिलं. सासूबाईंनी पाय हळूच खुर्चीखाली घेतले.

"अगं..."

"भाजी तिकडे ताजी मिळते," सासूबाई म्हणाल्या.

"तिकडे कुठे?"

"धरणाच्या पलीकडे. रस्ता छान आहे. वळणं आहेत."

"पण तू चालवायला कधी शिकलीस?"

आता मात्र सासूबाई उठल्या. "कधी म्हणजे? दुकानाचा माल टेम्पोतून कोण आणायचं? तुम्ही गल्ल्यावर बसायचात, अन् मी टेम्पोवर! घाटातून, पावसातून, धाकटीच्या वेळी पोटुशी असताना. इतकी वर्षं मी तो खटारा ओढला. मग लाल गाडी आली. तुम्ही सगळ्यांना दाखवलीत. जावयाला पहिली चक्कर देऊ केलीत. मला एकदा तरी म्हणालात का हो, तू चालवतेस का?"

सासऱ्यांना खरंच वाईट वाटलं, आणि त्यांना वाईट वाटलं की ते खाली बघत. त्यांनी खाली पाहिलं. समोर तिचेच बूट होते, त्यांनीच ठोकलेले. सगळ्या गावाचे पाय त्यांनी वाचले होते, आणि घरातलेच वाचायचे राहिले.

"उभ्या उभ्या पेट्रोल पिते, म्हणायचो मी," ते पुटपुटले.

"मला वाईट वाटायचं तेव्हा," सासूबाई म्हणाल्या. "अर्धी टाकी मी भरायचे."

सासरे उठले. खिशावर हात ठेवला. जावईबापूंनी सवयीने श्वास रोखला. पण किल्ली खिशातून बाहेर आली आणि त्यांच्यासमोरून सासूबाईंच्या हातात गेली.

"हिला हवेत ते द्या," सासरे टायरवाल्याला म्हणाले.

"दुसरे," सासूबाई लगेच म्हणाल्या. "ओल्यात धरणारे. गुणगुणले तरी चालतील. पुढे अरुंद, मागे रुंद. कंपनीनेच तशी दिलीय, ढकलायचं काम मागची चाकं करतात."

"मी मघापासून दुसरं काय सांगत होतो?" टायरवाल्याने विचारलं.

नव्या टायरांवरची पहिली चक्कर धरणाच्या रस्त्याने झाली. जावईबापू मागे होते. गुडघे कानांशी, मांडीवर भाजीची पिशवी, आणि डोळे घट्ट मिटलेले. पहिल्या वळणावर सासऱ्यांनी दाराचं हँडल धरलं. दुसऱ्यावर डोक्याची टोपी सांभाळली. तिसरं वळण गेल्यावर मात्र त्यांचा आवाज आला, आणि तो आवाज जावईबापूंनी कधी ऐकला नव्हता.

"अगं, जरा दाब की अजून!"

जावईबापू घरी आले ते भिंत धरून. सोफ्यावर बसले. बायकोने पाणी दिलं आणि हौसेने विचारलं, "मग? शेवटी कुठले टायर निवडलेस?"

जावईबापूंनी खूप आठवून पाहिलं. घोरपड आठवली, मोज्याचं भोक आठवलं, ते तिसरं वळण तर फारच आठवलं.

"काळे," ते म्हणाले.